आधी खेळ, मग आडनाव

नागपुरात सक्करदऱ्यातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही मायलेकी राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या दारातून एक सत्तरीचे गृहस्थ बाहेर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि भर मे महिन्यात गळ्यात टाय. लोखंडी कपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं हमालाच्या. त्यांनी आम्हाला जिन्यातच गाठलं.

"लहानपणी कोणता खेळ खेळत होती वं तू?"

कपाट हातात असताना माणसाला खोटं सुचत नाही. "लंगडी," मी म्हणाले.

"अन् भाऊ, तू?"

"कंचे," हमाल म्हणाला, आणि कपाट खाली ठेवून गोटीनं नेम कसा धरायचा ते सांगायला लागला. आई वरून ओरडत होती, कपाट जिन्यात उभं होतं, आणि हे दोघं उकिडवे बसून हवेतले कंचे हवेत मारत होते.

हे मनोहरकाका. आता एक सांगते. नागपुरात भाड्यानं घर शोधताना आम्हाला पहिला प्रश्न आडनावाचा येतो. आडनाव कळलं की समोरचा मनातल्या मनात आमच्या घरी बुद्धाची मूर्ती मांडून पाहतो, आणि मग पुष्कळदा ते घर 'कालच गेलेलं' असतं. काकांना आमचं आडनाव दोनेक महिन्यांनी कळलं, तेही कुरियरवाल्याकडून. माझी लंगडी मात्र पहिल्या दिवशीच कळली. त्यांचे उपकार मोजायला बसले तर मी इथून सुरुवात करीन.

काका उमरेडच्या विणकराच्या घरातले. माग थांबले तसे ते गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात लागले आणि सारी हयात तिथे गज घेऊन उभे राहिले. दुकानासाठी माल आणायला एकदा हैदराबादला गेले आणि येताना मालाबरोबर धर्मही घेऊन आले. काका मॉर्मन आहेत. ख्रिस्ती लोकांतला हा एक पंथ, नागपुरात त्याची माणसं शोधावी लागतील इतकी कमी.

"दोन मिशनरी पोरं भेटली गा," ते कोणालाही सांगतात. "मिसरूड नाही फुटली अन् छातीवर पाटी, एल्डर, म्हणजे वडीलधारे! मी म्हटलं, बाबू, तुम्ही एल्डर तं मी कोण? हसले बिचारे. मंग मी त्यायच्या प्रार्थनेले गेलो."

या धर्मात चहा चालत नाही. कॉफी नाही, तंबाखू नाही, दारूचं तर नावच नको. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि नागपुरी घोटलेल्या सुपारीची शेवटची आशा म्हणून विचारलं, "खर्रा?"

"खर्राही नाही ताई."

"मंग नागपुरात राहता कशाले?" आई म्हणाली.

सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे घरच्यांसाठी राखून ठेवतात. सगळ्यांनी एकत्र बसायचं, प्रार्थना करायची, काही चांगलं बोलायचं, खेळायचं आणि गोड खायचं. काकांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी शालूकाकू आम्ही येण्याच्या आधीच गेलेल्या. त्यामुळे घरचे म्हणून जो हाती लागेल त्याला काका धरून आणतात.

पहिल्या सोमवारी आई पूर्ण तयारीनं गेली. हा माणूस आपला धर्म बदलायला बोलावतोय, याबद्दल तिला शंका नव्हती. "आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. एका घरानं एकदा धर्म बदलला, तेवढं पुरे," हे वाक्य तिनं आमच्या दारातच दोनदा म्हणून पाहिलं. काकांनी डोळे मिटले. "हे पित्या, तुझे आभार. पोहे मोकळे झाले, आभार. वरच्यायचं पाणी गळणं थांबलं, आभार. कूलर चालून राहिला, आभार." कूलर तेवढ्यात बंद पडला. काकांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. "आतापर्यंत चालला, त्याचेही आभार," म्हणाले आणि अष्टाचंगाचा पट मांडला. घरी येताना आई जरा नाराजच होती. इतकं पाठ केलेलं वाक्य वाया गेलं होतं.

काकांचं पालुपद, 'मले पक्कं मालूम आहे.' देव आहे, हे पक्कं मालूम. आज लाइट जाणार नाही, हेही पक्कं मालूम. लाइट जाते. काकांच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

खेळाचा प्रश्न मात्र ते सोडत नाहीत. कूलरवाल्याला विचारला, तो भोवरा म्हणाला, तर काका भोवरा आणून पार्किंगमध्ये फिरवायला शिकले. जिना चढताना छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं, तर तिथेही तेच. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकताहेत आणि काका विचारताहेत, "साहेब, लहानपणी काय खेळत होते?" डॉक्टर लगोरी म्हणाले. बाहेरचे पेशंट ताटकळले आणि आत टेबलावर औषधांच्या खोक्यांची लगोरी लागली.

लगोरी मोडल्यावर डॉक्टर गंभीर झाले. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर, असं त्यांनी सांगितलं.

"पाहू," काका म्हणाले. पुढच्या आठवड्यातही पाहू. नंतरही पाहूच. मला रागच आला. एका सोमवारी पट आवरता आवरता मी सरळ विचारलं, "काका, भीती वाटते का?"

"भीती कशाची वं? आमच्यात मेल्यावरही घरचे घरचेच राहतेत. शालू तिथं आहे. ऑपरेशन झालं तरी बरं, नाही झालं तरी बरं. भेट होईन, मले पक्कं मालूम आहे."

"मंग दुनियेले खेळ विचारत काहून फिरता?" आई म्हणाली. "जा न सीधे."

काका हसले नाहीत. हातातले चिंचोके त्यांनी डबीत टाकले.

"तिचा खेळ मले मालूम नाही, ताई. इतकी वर्षं संसार झाला, दर सोमवारी मी काढीन तो खेळ ती खेळे. तुले कोणता आवडे, हे मी विचारलंच नाही. तिच्या भावाले उमरेडले जाऊन विचारलं. तो म्हणते, ती कुठं खेळत होती गा, मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. पण खेळलंच नाही असं लेकरू असते का कुठं? भेटली का पहिले तेच विचारीन. अन् ती सांगन तो मले आला पाहिजे न? म्हणून सगळेच शिकून राहिलो."

मेल्यानंतरच्या गोष्टी माझी आई मानत नाही, कोणी काढल्या तर उठून जाते. तशी ती उठून गेलीही. पण परत आली ती मुठीत पाच सागरगोटे घेऊन.

"हे येते?"

"तो तं बायकायचा खेळ आहे, ताई."

"तुमची बायको कोण होती मंग?"

आई फरशीवर बसली. एक गोटा वर उडाला, खालचे चार तिनं अलगद उचलले आणि वरचा झेलला. काका टाय मागे टाकून समोर बसले. त्यांचा गोटा दिवाणाखाली गेला. दुसरा माझ्या कपाळाला लागला. तिसऱ्यानं कूलरची जाळी वाजली. आई शांतपणे पाहत होती.

"वर कोणी असन-नसन, मले नाही मालूम," ती म्हणाली. "पण असन, अन् तिनं हाच खेळ काढला, तं काय करसान? एक गोटा झेलता येत नाही अन् निघाले भेटाले."

काका दिवाणाखाली वाकून गोटे गोळा करायला लागले. मग तिथूनच त्यांचा आवाज आला.

"पोरी, डॉक्टरले फोन लाव बरं. विचार, ऑपरेशन झाल्यावर हात वर कराले किती दिवस लागते."