लोटनशेठचं कळा केंद्र

लोटनशेठ एका पायावर उभे राहून ओरडत होते, “दगू! वं दगू! मन्हा दुसरा देठ कोठे गया?”

देठ म्हणजे बूट. कार्यक्रम असला की लोटनशेठ डोक्यापासून घोट्यापर्यंत लाल व्हायचे. लाल फेटा, लाल सफारी, लाल मोजे आणि खाली हिरवेगार बूट. म्हणजे उलटी धरलेली मिरचीच! अक्कलकुव्यात ‘लोटन छाप तिखट’ न खाल्लेला माणूस एखादा सापडेल, पण लोटनशेठना बघून मागे वळून न बघितलेला एकही सापडायचा नाही.

“देठ मन्हाकडे शे,” त्यांच्या बायको दगूबाई आतून म्हणाल्या. “पहिले सांग, शब्द ध्यानमा शे ना?”

“शे, शे!”

“आज हॉल भरना ते तुन्हा. नही भरना ते सांजले मन्ही मिरची उतरी तठे.”

“भरी! भरीच भरी! शिंकाले बी जागा भेटनार नही!”

शिंकेचं नाव शेठजींनी काढायला नको होतं. कारण सगळं दुखणं तिथेच होतं. तो हॉल म्हणजे बाजाररस्त्यावरचं त्यांचं जुनं मिरचीचं गोदाम. शेठजींनी ते रिकामं केलं, आतून निळं रंगवलं, स्टेज बांधलं, मखमली पडदा टांगला. पण भिंती काही मिरची विसरल्या नाहीत. तिथे पहिलं नाटक झालं तेव्हा राजा मेला आणि मेल्यावर ओळीने शिंकला. मग गझलेचा कार्यक्रम झाला. गायकाने डोळे मिटून “आ...” लावला तो “आक् छी”वर उतरला. भजनाला तर टाळांपेक्षा शिंकाच तालात होत्या. प्रेक्षक नाकाला रुमाल लावून जे पळाले ते परत फिरकले नाहीत. दगूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की जे गोदाम स्वतःच ओरडून सांगतंय की मी गोदाम आहे, त्याचं ऐकावं.

पण लोटनशेठ ऐकणारे असते तर लोटनशेठ कशाला झाले असते?

म्हणून आज शेवटची संधी होती. रीतसर उद्घाटन, काठी गावचं ढोल पथक, डोंगरातल्या लोकांना आणायला फुकट जीपा, आणि सूत्रसंचालनाला रविना.

रविना मोलगीकडची, अक्कलकुव्यात होस्टेलला राहून दहावीत शिकणारी. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला ती “यस सर” म्हणायची ते फक्त तिच्या शेजारणीलाच ऐकू जायचं. मग वक्तृत्व स्पर्धेत सरांनी तिला धरून उभं केलं, आणि बोलता बोलता तिला शोध लागला की आपला आवाज चांगला खणखणीत आहे. तेव्हापासून ती तो आवाज खाली ठेवायलाच तयार नव्हती. आज तिचं भाषण होतं, ‘लोटनशेठ : जीवन आणि प्रभाव’. ते तिने गाईला, बाकाला आणि होस्टेलच्या पाण्याच्या टाकीला म्हणून दाखवलं होतं. काही झालं तरी ती ते संपवणारच होती.

हॉलवर पोचल्या पोचल्या तिने वर पाहिलं. भूपेंद्र शिडीवर चढून बोर्ड ठोकत होता. हा भूपेंद्र हद्दीपलीकडचा, गुजरातीत शिकलेला. बोर्डही तोच करायचा आणि जीपवर वाजवायची जाहिरातही त्याच्याच आवाजात असायची.

रविनाने मोठ्याने वाचलं, “लोटनशेठ कळा केंद्र?”

“बराबर ने?” भूपेंद्र वरून हसला.

“भूपेंद्रभाऊ, हे कळा झालं! कला पाहिजे, कला!”

“एकच ने, बेन! आमच्यात कळाच बोलतात.”

“तुमच्यात असेल. मराठीत कळा म्हणजे...” रविनाने पोटावर हात ठेवून, तोंड वाकडं करून दाखवलं. “त्या कळा!”

तेवढ्यात लोटनशेठ दोन्ही देठांसह दाखल झाले. सगळं ऐकून घेतलं आणि बोर्डाकडे असं पाहिलं, जसं बापाने लाडक्या पोराकडे पाहावं.

“रविना, आपला धंदा अर्धा गुजरातमा शे. तठे समदा कळाच म्हनतस. कळा म्हना का कला म्हना, मनमा भाव पाहिजे. बोर्ड उतरावना नही!”

“पण शेठजी, लोक हसतील.”

“हसाले तरी येतीन ना? मंग!”

रविना बोर्ड पुन्हा वाचू लागली. मग एकदम तिच्या डोक्यात दुसरंच काही लखकन चमकलं. “भूपेंद्रभाऊ, जीपवर काय जाहिरात लावलीये?”

भूपेंद्रने अभिमानाने मोबाईल काढून वाजवली. आवाज गोड होता, मागे बासरीही होती. “ज्यांच्या अंगात कळा आहे त्यांनी अवश्य यावे! कळेला आधार, कळेला मान! लोटनशेठ कळा केंद्र, अक्कलकुवा! सर्व मोफत! येण्याजाण्यास जीप मोफत!”

रविनाने त्याच्या हातातला मोबाईल घेऊन बंद केला. तिच्या घरी भिली बोलतात. तिच्या पाड्यावर मराठी फक्त शाळेत आणि दवाखान्यात. पण एक मराठी शब्द तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होता. ॲम्ब्युलन्सला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न तोच यायचा. कळा सुरू झाल्या का?

आणि जीपा पहाटेच वर गेल्या होत्या. वर फोनला रेंज नव्हती.

पहिली जीप आली तेव्हा लोटनशेठ हार घेऊन दारातच उभे होते. जीप गच्च भरलेली, मागे लटकलेलेही चार. शेठजींचा चेहरा सफारीपेक्षा लाल झाला.

“दख दगू, दख! समदा डोंगर उना!” त्यांनी सगळ्यात आधी उतरलेल्या म्हाताऱ्याला हार घातला. “या बाबा, या! तुमनी कळा कोनती?”

“गुडघ्यात आहे,” म्हातारा म्हणाला.

“वा! नाचनारा शेतस! बसा पुढे!” मग गाल धरून उतरलेल्या एका बाईकडे वळून म्हणाले, “तुमनी?”

“दाढेत.”

“तोंडना बाजा! पावरी वाजाडतीस का? बसा, बसा!”

मागून एक तरुण बाई उतरली. एक हात सासूच्या खांद्यावर, एक कमरेवर. पोट असं की पदर पुरत नव्हता. ती रूपलीबाई, सासू फुलीबाई, आणि दोघींच्या पिशव्या गळ्यात अडकवलेला नवरा वीरसिंग. त्यांच्या मागे पाड्यावरची आशाताई. ही कामानेही आशा आणि नावानेही आशाच.

“आनि यासनी?” शेठजींनी हार उचलला.

“पोटातून येते,” वीरसिंग म्हणाला. “घडीघडी येते. सकाळपासून.”

“व्वा! पोटमाईन ऊठस तीच खरी गायकी!”

“शेठजी!” रविनाचा खणखणीत आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. “ती गाणारी नाही! बाळंत होणारी आहे!”

लोटनशेठच्या हातातला हार हवेतच राहिला. 

“आशाताई, तुम्हाला तरी कळायला नको का?” रविना भिलीत म्हणाली. “हे दवाखान्याचं नाही!”

“मला संशय आला होता,” आशाताई घाम पुसत म्हणाली. “बासरी वाजवणारा दवाखाना मी कधी पाहिला नाही. पण ॲम्ब्युलन्स वर चढत नव्हती आणि जीप फुकट खाली जात होती. सोडू का? मला वाटलं, खाली तर येऊ, मग सरकारी दवाखाना आहेच.”

सरकारी दवाखाना होताच, आणि लांबही नव्हता. पण मध्ये आठवड्याचा बाजार होता. त्यात शेठजींच्या एकामागून एक येणाऱ्या जीपा. रस्ता असा तुंबला होता की शेळीसुद्धा बाजूने निघत नव्हती. आशाताईने फोन लावला. ॲम्ब्युलन्स निघाली, आणि बाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिचा भोंगा इथे ऐकू येत होता, ती मात्र येत नव्हती.

तेवढ्यात रूपलीबाई खाली बसली आणि आशाताई म्हणाली, “आता हलवायचं नाही.”

मग दगूबाई पुढे आल्या. त्या आल्या म्हणजे गोदामातले हमालसुद्धा पान थुंकून सरळ उभे राहतात. “मेकपनी खोली उघड! लोटन, तो पडदा काढ!”

“मखमलना? उद्घाटनना शे तो!”

“काढ म्हनस ना!”

पडदा निघाला. मेकअपच्या खोलीत मोरपिसांचे टोप आणि घुंगरं बाजूला सारली गेली, दाराला मखमल लागली, चहाच्या मोठ्या पातेल्यातलं उकळतं पाणी आत गेलं. फुलीबाई आत, आशाताई आत, दगूबाई आत. दाराबाहेर गडीमाणसं, आणि कागद हातात धरून उभी रविना.

“शेठजी, ॲम्ब्युलन्सला वाट पाहिजे,” ती म्हणाली. “आपण ओरडून लोक बाजूला करू.”

“वरडीसन कोनी सरकत नही, पोरी. बाजारले मी वळखस.” लोटनशेठनी फेटा घट्ट केला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. “खात्या! ढोल उचल!”

खात्या काठीच्या पथकाचा म्होरक्या. त्याचा ढोल एवढा मोठा की मागून पाहिलं तर ढोलालाच पाय फुटलेत असं वाटावं. पहिली थाप पडली आणि कोपऱ्यावरच्या टपरीतले ग्लास थरथरले. लोटनशेठ पुढे, हिरवे बूट हवेत, मागे पथक, असे ते ॲम्ब्युलन्सच्या दिशेने निघाले. त्यांची कल्पना अशी, की ढोल ऐकून लोक वाट सोडतील.

लोकांनी वाट सोडली नाही. लोक मागे लागले! आता तुम्हीच सांगा, काठीचा ढोल वाजतोय आणि एक मिरची रस्त्यात नाचतेय, कोण वांगी विकत बसेल? बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या, पोरं खांद्यावर बसली, जीपवाले जीपा आडव्या बोळात घालून धावले. शेठजी ॲम्ब्युलन्सपर्यंत गेले, वळले, आणि अख्खा बाजार वळला. वळून जाणार कुठे? हॉलमध्ये! जसा हॉल भरत गेला तसा रस्ता मोकळा होत गेला, आणि ॲम्ब्युलन्स त्यांच्या मागे वरातीतल्या गाडीसारखी हळूहळू आली.

हॉल भरला. खिडक्यांतही माणसं बसली. रविनाने माइक धरला. “लोटनशेठ यांचे जीवन म्हणजे एक धगधगते...”

पण एवढे पाय एकदम आपटल्यावर जे व्हायचं तेच झालं. फरशीच्या फटींतून जुनी मिरची उठली. पुढच्या रांगेतला गुडघेदुखीचा बाबा शिंकला. मग त्याचा शेजारी. मग रांग. मग हॉल. खात्या शिंकला तो नेमका समेवर. लोटनशेठ शिंकले तेव्हा फेटा सुटला. रविना भाषण सोडायला तयार नव्हती. “धगधगते... आक् छी... कुंड!”

आणि मखमली पडद्याआड रूपलीबाई शिंकली. साधी नाही, सगळ्या अंगाची, पोटातली, डोंगराएवढी शिंक.

पाठोपाठ बाळ आल्याची फुलीबाईची हाक आली. हॉल एकदम चिडीचूप झाला. पण बाळाचं रडणं काही येईना. वीरसिंगने पिशव्या छातीशी घट्ट धरल्या. लोटनशेठनी हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते. डोंगरातल्या याहा मोगी देवीचं नाव घेत होते म्हणतात.

मग आतून बारीकशी, अगदी मांजराच्या पिल्लासारखी एक शिंक आली. आणि मग रडणं. काय ते रडणं! भिंतीपर्यंत पोचलं आणि परत आलं. तोवर कुणाला माहीतच नव्हतं की त्या हॉलचा आवाज इतका सुंदर घुमतो.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. त्या हॉलमध्ये कुठल्याच कलावंताला मिळाल्या नव्हत्या एवढ्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आई आणि मुलीला अलगद स्ट्रेचरवर घेतलं, आणि खात्याने पुन्हा ढोल उचलला, यावेळी हळू, जणू मांडीवर थोपटतोय.

सगळं निवल्यावर लोटनशेठ पायरीवर बसले. फेटा गळ्यात, एक देठ हातात. दगूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“भरना,” शेठजी हळूच म्हणाले.

“भरना,” दगूबाई म्हणाल्या. “मी शब्दनी पक्की शे. मिरची येनार नही. तान्हा पोरले ठसका लागस.”

“कोना तान्हा पोरले? ती ते दवाखानामा गयी!”

“पुढल्या बाजारले दुसरी येई ना. डोंगरमाईन उतरी, गर्दीमा कोठे बसी ती? मेकपनी खोलीमा खाट टाकसू. दवाखानाले गाडी भेटस तवलोंग.” आणि पुढे म्हणाल्या, “भिंती धुवाना खर्च तुन्हा.”

लोटनशेठ उठून उभे राहिले. “मी कलासाठे हॉल बांधा, दगू! कलासाठे!” आता मात्र त्यांनी तो शब्द मराठीसारखा उच्चारला.

तेवढ्यात भूपेंद्र शिडी आणि रंगाचा डबा घेऊन आला. “शेठ, चूक झाली. आता ‘ळ’चा ‘ल’ करून देतो.”

“शिडीवर चढना ते पाय मोडसू,” दगूबाई म्हणाल्या.

भूपेंद्र शिडी घेऊन परत फिरला. बोर्ड अजून तसाच आहे.

पुढच्या बाजारी रविनाने भाषण पूर्ण केलं. धुतलेल्या भिंती, ढोल पथक, भरलेला हॉल, आणि आत खाटेवर वरच्या पाड्यावरची एक बाई, पाय लांब करून पडद्याआडून ऐकत असलेली. ‘धगधगते कुंड’ रविनाने गाळून टाकलं होतं. तिने सरळ सुरुवात केली, “लोटनशेठ हे कळांचे आश्रयदाते आहेत.”

कुणी हसलं नाही. फक्त नाटकातला राजा मेला होता त्या कोपऱ्यातून कुणीतरी शिंकलं.