आईला बँकॉक कोणी दाखवलं

आमचे शेजारी भाऊ केळुसकर कोथिंबीर आणायला निघाले तरी मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून चालतात. शारजाच्या अल नहदात पाऊस कुठला! पण मागच्यांना गाइड दिसायला हवा ना. मागे माणूस एकच असला तरी छत्री वर, आणि तोंडाने, "यल्ला, यल्ला, सगळे आले? खलास, चला!"

धंदा म्हणाल तर रास अल खोरला एसी डक्टचं वर्कशॉप. जीव मात्र पाहुण्यांत. बिल्डिंगमध्ये कुणाचेही आईवडील भारतातून आले की रविवारी भाऊ गाडी घेऊन हजर. अख्खी दुबई दाखवणार, आणि दुपार झाली की सगळ्यांना मॉलमध्ये नेणार. "उन्हात फिरायचं ते येड्यांनी. बारा वाजले की मॉल!"

माझी आई साताऱ्याहून आली आणि पहिल्याच दिवशी हे गृहस्थ तिला "आई" म्हणू लागले. मी तिला दुबईची क्रीक, म्हणजे खाडी, दाखवायला नेलं तर म्हणाली, "पाहिलंय रे. भाऊने किती छान सांगितलं होतं." मी आणलेल्या खजुरापेक्षा भाऊंचा खजूर मऊ. माझा नुसता जळफळाट व्हायचा. स्वतःच्या आईपुढे आपण दुसरे?

म्हणून ईदच्या सुट्टीत ग्रुप टूरने तिला बँकॉकला न्यायचं ठरवलं. तिथे भाऊ कधीच गेले नव्हते. मी खुशीत विमानतळावर पोचलो, तर भाऊ छत्रीसकट उभे. आईनेच बोलावलं होतं.

बँकॉकला मात्र गाइड होती नोई नावाची चुणचुणीत बाई. तिने आईचा हात धरला, "मम्मी, स्लोली" म्हणाली, आणि भाऊंचा चेहरा उतरला. पहुडलेल्या बुद्धाच्या भल्यामोठ्या मूर्तीसमोर सगळ्यांनी हात जोडले, तर हे पुटपुटले, "लांबी ठीक आहे. आमच्या दुबईत उंची असते." मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, आता तुम्ही जळा.

मग नोई आम्हाला सावलीत थांबायला सांगून बोटीचं बघायला धक्क्यावर गेली. नदीतली ती फेरी मी खास आईसाठी ठरवली होती. शारजाला परत गेल्यावर आठवड्याभरात ती साताऱ्याला जाणार होती. तेवढ्यात भाऊंनी घड्याळ पाहिलं आणि छत्री वर केली. "बारा वाजले! यल्ला, मॉल!"

ग्रुप सगळा दुबई-शारजाचा. दुपार म्हणजे मॉल हे आमच्या अंगात भिनलेलं. सगळे निमूट मागे निघाले. आईचा हात धरून मीसुद्धा. एसीत बसून कॉफी प्यायलो, तेव्हा कुठे नोईचा फोन आला. आमची बोट निघून गेली होती.

लोक भाऊंवर तुटून पडले. सगळ्यांत जास्त मी. "भाऊ, ही माझी आई आहे. तुमची नाही!"

भाऊ खुर्चीत बसले. "नाहीच ना," म्हणाले. "माझी यायची होती. तेव्हा मी नोकरीत होतो, तिचा फॅमिली व्हिसा मिळण्याएवढा पगार व्हायला वर्षं गेली. तोवर सुट्टी मिळाली की एकटाच हिंडायचो. तिला काय दाखवायचं, कुठे काय सांगायचं, पाठ करत. व्हिसा हातात आला, आणि ती गेली." छत्री मांडीवर आडवी घेत म्हणाले, "तू हाक मारलीस की आई वळून बघते ना, तेव्हा फार हेवा वाटतो रे तुझा."

आईने पदराने डोळे टिपले आणि उठली. "बोट गेली तर गेली. चल भाऊ, मला काठावरून दाखव."

नोई नदीकाठी येऊन मिळाली, पण भाऊंनी सांगायला सुरुवात केली होती. हे देऊळ कोणत्या राजाने बांधलं, त्याच्या राण्या किती, या फुलांच्या माळा कशासाठी. एक अक्षर खरं नसणार. नोईला मराठी येत नव्हतं हे बरं. आई मात्र दर वाक्याला "हो का? अगंबाई!" करत होती.

मी मागून चाललो होतो. पोटात अजून दुखत होतंच. तरी दोन पावलं पुढे झालो आणि विचारलं, "भाऊ, आणि तो पलीकडचा मनोरा कुणी बांधला?"