फाटकाबाहेरच्या सिस्टर

लस सक्तीची कशी करावी, हे मी सरकारांना शिकवीन! कुठे दंड करतात, कुठे पोरांना शाळेत घेत नाहीत. सगळे मुळमुळीत उपाय! आमच्या बटणांच्या कारखान्यात मी एका वाक्यात विषय संपवला, 'बोटाला शाई नाही, तर फाटकातून ये-जा नाही!' टोचून झालं की सिस्टर शाई लावणार. शंभर टक्के झाले की मला बढती, असा साहेबांचा शब्द होता. बायकोला सकाळीच सांगून टाकलं, "आजपासून मॅनेजरीणबाई म्हणवून घे!"

रखवालदारकाका म्हणजे निवृत्त फौजी. कामगार आत आल्यावर माझा हुकूम मिळताच त्यांनी फाटकाला कुलूप ठोकलं.

तास उलटला तरी सिस्टरचा पत्ता नाही. फोन लावला.

"मी कधीची तुमच्या फाटकाबाहेर उभी आहे!" सिस्टर कडाडल्या.

मी धावत सुटलो. "काका, सोडा त्यांना आत!"

"शाई दाखवू देत."

"अहो, शाई त्यांच्याच पिशवीत आहे!"

"टोचल्याशिवाय शाई लावायची नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"मी वर्षापूर्वीच टोचून घेतलंय!" सिस्टर ओरडल्या.

"शाई कुठाय मग?"

"काका, हुकूम माझा, मीच मोडतो!"

"मी गयावया केली तरी ऐकायचं नाही, हेही तुम्हीच म्हणालात."

म्हणालो होतो हो! जोशात माणूस काय वाट्टेल ते बोलतो!

"डब्यातला बर्फ वितळतोय. लस फुकट जाईल!" सिस्टर म्हणाल्या. बढती डोळ्यांदेखत वितळत होती!

"काका, नुसता हात बाहेर काढला तर?"

काकांनी बराच विचार केला. "हाताबद्दल हुकूम नाही."

मी बाही सरसावून दंड गजांतून बाहेर घातला. टुच्च! मग काय, मागे रांगच लागली. बघता बघता अख्खा कारखाना टोचून झाला. मी तर नाचायच्या बेतात होतो!

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. ते सकाळपासून महत्त्वाच्या मीटिंगला गेले होते.

"शाई?" काकांनी विचारलं.

साहेब गजांशी येऊन माझ्या कानात कुजबुजले, "कसली मीटिंग! सुईच्या धास्तीनं गावभर गाडी फिरवतोय. मला आत घ्या हो!"

पण सगळे कामगार बघत होते आणि सिस्टरनी त्यांची बाही केव्हाच वर केली होती. साहेबांनी अशी किंकाळी फोडली की आतल्या मशीनचा आवाज ऐकू येईना.

"शंभर टक्के!" मी आनंदानं ओरडलो.

साहेबांनी डोळे पुसले. "दुसरा डोस कधी असतो?"

"महिन्यानं, साहेब!"

"छान. तोवर तुमची बदली झालेली असेल."