भाची उचलण्याइतकी तब्येत

संस्कृतीच्या साखरपुड्याला, बिडकीनला, भरल्या पंगतीत बद्रीनाथनं जाहीर करून टाकलं, "मांडवात पोरीला मीच उचलून नेणार. सख्खा मामा जिवंत असताना दुसऱ्यानं हात लावायचं काम नाय!"

त्यांच्या घराण्यात रीतच तशी. नवरी पायानं मांडवात जात नाही, मामा तिला दोन्ही हातांवर घेऊन बोहल्यापर्यंत नेतो. आवडाबाईनं आपल्या धाकट्या भावाला हा मान लेक पाळण्यात होती तेव्हाच देऊन ठेवला होता. तेव्हा बद्रीनाथचं अंगही तसं होतं. बिडकीनच्या एसटीत तो खिडकीशी बसला की शेजारी कुणी बसत नसे, कारण शेजार उरतच नसे.

पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी दम दिला आणि बद्रीनाथनं वजन उतरवलं. थोडंथोडकं नव्हे, अर्धं माणूस उतरवलं. भात सोडला, साखर सोडली, शहरातलं ऑफिस सुटलं की क्रांती चौकातून घरापर्यंत पायी यायला लागला. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी उठून हात मिळवला. बाकी सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

"शुगर का?" हा पहिला सवाल. नाही म्हटलं की आवाज खाली घेऊन दुसरा, "मग... काही मोठं?" शिंप्यानं पँट आत घेताना विचारलं, साहेबांनी रजेवर सही करताना विचारलं. बिडकीनहून तर माणसं दुखणं विचारायला येऊ लागली. येताना नारळ, बिस्किटाचे पुडे. जाताना डोळ्याला पदर. माणूस घाम गाळून, उपाशी राहून, आपल्या हातानं बारीक होतो ही गोष्टच तिथं कुणाला पटेना.

"अहो, त्यांना सांगा तरी तुम्ही बरे आहात म्हणून," चहा करून करून वैतागलेली बायको, कमल, म्हणाली.

"सांगतो ना! सांगितलं की जास्तच हळहळतात. म्हणतात, लई धीराचा हाय."

शेवटी आवडाबाईचाच फोन आला. "बद्री, संस्कृतीला इंद्रजीत उचलंल. तू खुर्चीवर बस आन् अक्षता टाक."

इंद्रजीत त्या दोघांचा चुलतभाऊ. दंड असे की शर्टाच्या बाह्या त्याला शिवण उसवूनच घालाव्या लागत.

"ताई, मी काय मेलोय का?"

"अशुभ बोलू नको. पोरगी मांडवात खाली पडली तर पैठणचे व्याही काय म्हणतील?"

बद्रीनाथला हे फार झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. आदल्याच दिवशी त्यानं गुपचूप गॅसची टाकी उचलून पाहिली होती. टाकी जागची हलली नव्हती, कंबर हलली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकाजवळची जिम गाठली. तिथल्या हिमांशू सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अंकल, चरबी गेली ते बढिया झालं. पण सोबत ताकद पण गेली ना! नुसतं बारीक होऊन काय करता? ताकद पाहिजे, चपळाई पाहिजे, अंग वाकलं पाहिजे. चला, बैठक मारा."

बद्रीनाथ बसला तेव्हा गुडघ्यांतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. उठताना तर हिमांशू सरांचा खांदा धरावा लागला. पण माणूस हट्टी. नवरी कंबरेनं उचलायची नसते, मांड्यांनी उचलायची असते, हे त्यानं मंत्रासारखं पाठ केलं. घरी सरावाला ज्वारीचं पोतं आणलं. ते छातीशी धरून तो बेडरूममधून गॅलरीत जायचा आणि हळूच पाटावर ठेवायचा.

"मुंडावळ्या बांधू का पोत्याला?" कमलनं विचारलं.

तरी ताकद यायला लागली. खाली वाकून पायाचे अंगठे धरता येऊ लागले, जिना धाप न लागता चढता येऊ लागला. बद्रीनाथला आरशातला माणूस आवडायला लागला, आणि तेवढ्यात तो रविवार आला.

झालं असं की हिमांशू सरांनी त्याला कंबरेसाठी एक व्यायाम दिला होता. उताणं पडायचं, ओटीपोटावर वजन ठेवायचं आणि कंबर वर उचलायची. बद्रीनाथ हॉलमध्ये सतरंजीवर उताणा पडला होता, अंगावर ज्वारीचं पोतं होतं, तोंडानं हुं हुं चालू होतं. कमल दार उघडं टाकून दूध आणायला गेली होती. त्याच वेळी दारात नारळ घेऊन दोघं उभे राहिले, चुलती सारजाबाई आणि आवडाबाईचे मालक कडुबा.

"पोत्याखाली सापडलं गं माझं लेकरू!" सारजाबाईनं दारातच हंबरडा फोडला.

"काकू, व्यायाम करतोय मी..."

"व्हय व्हय, कर. आधी भाईर निघ," कडुबा म्हणाले आणि त्यांनी पोतं एका अंगाला लोटलं.

"दाजी, सोडा. ओढू नका, दाजी!"

दाजींनी शेतात रुतलेली चाकं ओढून काढण्यात जन्म घालवलेला. त्यांनी बद्रीनाथचे दोन्ही हात धरले आणि एकच हिसका दिला. जी कंबर इतक्या दिवसांच्या बैठकांनी दुखली नव्हती तिच्यात उसण भरली. तो कळवळला, आणि सारजाबाईला जो पुरावा हवा होता तो मिळाला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बद्रीला आता ज्वारीचं पोतंसुद्धा पेलवत नाही, ते त्याच्या अंगावरच पडलं.

यानंतर बद्रीनाथनं बहिणीशी जे भांडण केलं ते फोनवर होतं म्हणून बरं. अखेर तोड निघाली. उचलायचं बद्रीनाथनंच, पण मागून इंद्रजीतनं हात पसरून चालायचं. पोरगी सुटली तर झेलायला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात बद्रीनाथ फेटा बांधून खोलीच्या दारात उभा राहिला. मागं इंद्रजीत, हात आत्तापासूनच पसरलेले. "खाली घे रे ते हात," बद्रीनाथ दात आवळून म्हणाला. "ताईनं सांगितलंय," इंद्रजीत म्हणाला.

बद्रीनाथ गुडघ्यांत वाकला, श्वास घेतला, मांड्यांत जोर आणला आणि संस्कृतीला उचललं. अलगद वर आली! पोत्यापेक्षा हलकी! त्याचा ऊर भरून आला. तो ताठ मानेनं चालत, स्टेजच्या पायऱ्या चढून अंतरपाटाशी पोचला.

"ठेव आता पाटावर," आवडाबाई खुणावू लागली.

खरं तर तिथं ठेवलं असतं तर ही गोष्ट सुखान्त झाली असती. पण बद्रीनाथनं मागं पाहिलं. इंद्रजीतचे हात पसरलेलेच होते.

"मंगलाष्टकं होईपर्यंत राहू दे," तो म्हणाला. "मला काय जड नाय."

गुरुजींनी अष्टकं म्हटली, ती माफक होती. बद्रीनाथ हसतमुख उभा. मग सारजाबाईनं माईक मागितला. तिनं स्वतः रचलेलं अष्टक होतं, त्यात भावकीतल्या एकूणएक माणसाचं नाव गुंफलेलं. नावं संपेनात. बद्रीनाथच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. सारजाबाई संपली तर नवरदेवाच्या आत्यानं माईक घेतला, वरपक्षानं मागं का राहावं? फेट्याखालून घाम डोळ्यांत उतरला.

"मामा, ठेवा की खाली," संस्कृती कुजबुजली.

"गप बस. आत्या संपतीलच."

आत्या संपल्या. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या. बद्रीनाथनं पोरीला अगदी हळूच पाटावर उतरवलं आणि इंद्रजीतनं एकदाचे हात खाली घेतले. बद्रीनाथ खुर्चीवर जाऊन बसला. एवढा आनंद त्याला रिपोर्ट पाहूनही झाला नव्हता.

हार घालून झाल्यावर संस्कृती पाया पडायला वाकली. "दमलात का, मामा?"

"छे गं. कापसासारखी लागलीस हाताला."

"लागणारच. साखरपुड्यापासून आईनं पोटभर जेवू दिलं नाय. म्हणायची, मामाला झेपायचं नाय."

बद्रीनाथला संताप आला आणि गलबलूनही आलं. बहिणीला चार शब्द सुनवावेत म्हणून त्यानं मान वळवली, तर आवडाबाईला विहीणबाईंनी गाठलं होतं.

"साखरपुड्याला पोरगी चांगली भरलेली होती," विहीणबाई आवाज खाली घेऊन विचारत होत्या. "आता लई वाळली. मामा बी तसेच दिसतेत. घराण्यात काही हाय का? शुगर-बिगर?"

आवडाबाईचा चेहरा पांढरा पडला. आता मामानंच बोलायला हवं होतं.

"विहीणबाई, घराण्यात काय नाय!" बद्रीनाथ गरजला. "पोरगी ठणठणीत, मीही ठणठणीत. हे बघा!"

आणि तो झटकन उभा राहायला गेला. मांड्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा अर्धवट उठून पुन्हा खुर्चीत कोसळला. कडुबांनी एक बगल धरली, इंद्रजीतनं दुसरी.

"राहू द्या, दादा, राहू द्या. बसा," विहीणबाई कळवळून म्हणाल्या. त्यांनी जवळच्या ताटातला नारळ उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "तब्येतीला जपा."

बद्रीनाथनं नारळ घेतला. नाही म्हणायला मान हलवावी लागली असती, आणि मघापासून तीही अवघडली होती.