दहा मिनिटांसाठी ट्रॅक्टर कोण बंद करतं?

माणसाची प्रगती तो काम किती करतो यावर मोजू नये. काम थांबलेलं असताना त्याचं काय काय चालू राहतं, यावर मोजावी. या मापाने केदारखेड्याच्या तातेरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. चहा, तंबाखू, फोन, बांधावरचं भांडण आणि आडोसा या पाच मान्यताप्राप्त विश्रांत्यांपैकी एकाही विश्रांतीत त्यांनी गेल्या दोन वर्षांत ट्रॅक्टर बंद केलेला नाही. (जेवण ही विश्रांती नसून हक्क आहे. त्यातही बंद नाही.)

या धोरणामागे शास्त्र आहे. बंद इंजिन थंड पडतं, थंड इंजिन रुसतं आणि रुसलेलं इंजिन डिझेल जास्त पितं. शिवाय चालू ट्रॅक्टर लांबवर ऐकू जातो, त्यामुळे मालक झाडाखाली आडवा असला तरी शेती जोरात आहे असा गावाचा समज राहतो. या शास्त्राला गावातल्या शंभरपैकी एक्क्याण्णव शेतकऱ्यांचा पाठिंबा आहे. उरलेल्या नऊ जणांकडे बैल आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली आहे आणि तो ढकलल्याशिवाय चालूच होत नाही, हे किरकोळ कारण फक्त बदरोद्दीन मिस्त्री आणि तातेरावांच्या पत्नी नंदाबाई यांना ठाऊक होतं. (संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावरच उभा करण्याच्या पद्धतीला गाव वास्तुशास्त्र समजत असे.)

एका रविवारी त्यांच्या मुलीला, आकांक्षाला, बघायला अंकुशनगरहून पाहुणे आले. आकांक्षा भोकरदनला शाळेत विज्ञान शिकवते. मुलगा देवानंद, त्याचे वडील रामप्रसाद आणि कडक इस्त्रीचे तीन चुलते असा एकूण ऐवज होता. नंदाबाईंचा फोन गेला तेव्हा तातेराव वावरात होते. त्यांनी मागे जोडलेला रोटाव्हेटर तिथंच सोडला आणि ट्रॅक्टर आणून थेट बैठकीच्या खिडकीखाली, फाटकातच आडवा उभा केला. चालूच.

“आवो, बंद करा की ते!” नंदाबाई दारातून म्हणाल्या.

“दहा मिन्टासाठी कोण बंद करतंय? आत्ता जायचंय मला परत.”

पुढचे दोन तास कार्यक्रम अत्यंत खेळीमेळीत पार पडला. खिडकीच्या काचा टाळ्या वाजवत होत्या. पोह्यांच्या बशा टेबलावरून आपणहून पाहुण्यांकडे सरकत होत्या, त्यामुळे आग्रह करण्याचे श्रम वाचले. रामप्रसाद ओरडून म्हणाले, “शिक्षण किती झालं?” तातेरावांना प्रश्न ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरबद्दल वाटला. ते अभिमानाने ओरडले, “पंचेचाळीस! पण ओढायला पन्नासच्या वर!” चुलत्यांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं.

मग रामप्रसाद मुद्द्यावर आले. “लग्नानंतर पोरीला नोकरी सोडावी लागंल! चालंल का?”

तातेरावांना त्यातलं फक्त ‘चालंल का’ ऐकू आलं. चहाबद्दलच असणार, असं त्यांनी धरलं.

“बिलकुल चालंल! दोनदा चालंल!”

आकांक्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. दाराशी आवाज थोडा कमी असल्यामुळे तिने प्रश्नही ऐकला आणि उत्तरही. वडिलांनी आपली नोकरी एका कपासाठी सोडून दिली, हे तिला ट्रेमधला चहा हिंदकळायच्या आत कळलं. ट्रे खाली ठेवून ती बाहेर गेली, ट्रॅक्टरवर चढली आणि इंजिन बंद करायची खुंटी ओढली.

शांतता पसरली. दोन वर्षांत प्रथमच त्या घरात दिवसा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. इंजिन थांबलं तरी रामप्रसाद त्याच पट्टीत होते. “शाळाबिळा सुटली म्हंजे पोरगी आपोआप वळणावर येती!” हे वाक्य समोरच्या तीन घरांनी ऐकलं.

आकांक्षा खिडकीतून म्हणाली, “काका, मी शाळा न्हाई सोडणार.”

“पण मी कुठं सोडा म्हणून राह्यलो?” देवानंद म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे पहिलंच वाक्य. “मला तर आतापर्यंत काहीच ऐकू आलं न्हाई.”

रामप्रसादांचा चेहरा उतरला. तातेरावांचा त्याहून जास्त उतरला. पण मुलीसाठी नव्हे. “बंद केलास?” ते पुटपुटले. “मंग आता ढकलतो कोण?”

प्रश्न रास्त होता. ट्रॅक्टर फाटकात आडवा होता आणि पाहुण्यांची जीप त्याच्यामागे अडकली होती. अखेर कडक इस्त्रीचे तिन्ही चुलते, रामप्रसाद आणि देवानंद यांनी खांदे लावले. तातेराव बाजूला उभे राहून मार्गदर्शन करत होते. (ढकलणाऱ्या दर पाच जणांमागे एक मार्गदर्शक, हे प्रमाण सर्वत्र आढळतं.) सीटवर आकांक्षा बसली. देवानंदने बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, “गेअर कितवा?”

“दुसरा. जोर आला की मी क्लच सोडते.”

“बराबर.”

तिला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. ट्रॅक्टर हलला, क्लच सुटला, काळ्या धुराने चुलत्यांची इस्त्री एका रंगात आणली आणि इंजिन धडधडू लागलं. सगळे आनंदाने ओरडले. त्या गदारोळात आकांक्षा सीटवरून वाकून रामप्रसादांना गोड हसत म्हणाली, “काका, लग्नानंतर मी नोकरी करणार! चालंल ना?”

रामप्रसादांना ट्रॅक्टर चालेल का, असं विचारल्यासारखं वाटलं.

“पळंल! जल्दी पळंल!” ते दोन्ही हात वर करून म्हणाले.

साक्षीदार पाच. सीटच्या जवळच उभ्या असलेल्या देवानंदने सगळं नीट ऐकलं होतं, पण त्याने वडिलांची चूक दुरुस्त केली नाही. नुसता हसत बूट शोधू लागला. लग्न झालं, आकांक्षा नोकरीवर आहे, आणि आपण हो कधी म्हणालो, याचा शोध रामप्रसाद अजून घेत आहेत. तातेरावांनी बॅटरी बदलली, पण ट्रॅक्टर बंद करत नाहीत. घरात फार बोलणं ऐकू येतं, अशी त्यांची तक्रार आहे.

वाचकहो, त्यांना हसण्याचा अधिकार तुम्हाला आहेच. तुमच्या घरातही आत्ता कोणी बघत नसलेला टीव्ही चालू असेल. तो बंद करण्याची घाई मात्र करू नका. गेली सहा वर्षं जेवताना घरातलं कोणीतरी तुम्हाला एक गोष्ट विचारतं आहे, आणि तुम्ही पडद्याकडे बघत “हो, हो” म्हणत आला आहात. टीव्ही बंद केलात, तर ते काय विचारत होतं हे तुम्हाला कळेल.