सवलतीच्या दरातली दाढ

पाचव्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, मार्चच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नाक्यावरचं तीळ लावलेलं पावाचं कडं खाताना माझी डावीकडची खालची पहिली दाढ दुखायला लागली. दिवस-वार सांगते, कारण पुढे महाविद्यालयाच्या कार्यालयाने माझ्याकडे दुखणं नेमकं कधी सुरू झालं याचा लेखी पुरावा मागितला होता.

दुखण्याची मला काळजी वाटली नाही. मी दंतवैद्यकच शिकत होते, आणि आमच्या नियमावलीच्या सतराव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की संस्थेच्या नियमित विद्यार्थ्यास दंतोपचारांत तीन चतुर्थांश सवलत मिळेल. कलमात आणखी एक वाक्य आहे. उपचार दुसऱ्या विद्यार्थ्याने करावेत आणि ते त्याच्या कोट्यात धरले जावेत. ते वाक्य मी तोवर नीट वाचलंच नव्हतं.

कोटा म्हणजे काय हे सांगायला हवं. पाचव्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जूनअखेर ठरलेल्या संख्येने दात भरायचे, दाढांचे रूट कॅनॉल करायचे, दात काढायचे. सगळं जिवंत माणसांच्या तोंडात, आणि माणसं ज्याची त्याने आणायची. एक काम जरी कमी पडलं तरी वर्ष गेलं. आम्ही नव्वद जण. तिसऱ्या वर्षातच नातेवाइकांची तोंडं संपतात. माझ्या आईच्या तोंडात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि दोन्ही मामा नाताळलासुद्धा माझ्यासमोर तोंड उघडून बोलत नाहीत. मग आमची मुलंमुली रविवारी प्रार्थना सुटताना चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहतात आणि बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जांभयांवर नजर ठेवतात. रुग्णांनाही आपलं मोल कळलेलं आहे. एक निवृत्त ट्रामचालक आपली एकुलती एक किडलेली दाढ चार वर्षं वेगवेगळ्या तुकड्यांना दाखवतो आहे आणि त्यावर रोज फुकट कॉफी पितो आहे.

अशा दुष्काळात माझी दाढ किडली. मी ते फक्त कोद्रुत्साला सांगितलं, कारण ती माझी जिवाभावाची मैत्रीण.

"आ कर," कोद्रुत्सा म्हणाली. मी आ केला. ती पाच सेकंद आत बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "अगं इलिंका, काय सुरेख कीड आहे! खोल आहे, पण अजून नसेला लागलेली नाही. मला नेमकी अशीच एक भरायची राहिलीय."

"मग भर की आजच."

"आज कशी? अर्ज नको का करायला?"

तासाभरात वर्गभर झालं. "कशी आहेस?" असं कोणीच विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, "गार पाणी लागतं का?" साबिन मानेआ मला कोपऱ्यात घेऊन गेला. त्याच्या कोट्यात दाढेचं एक रूट कॅनॉल कमी होतं.

"भरायची कसली घाई करतेस?" तो कळवळून म्हणाला. "तीन आठवडे दम धर. कीड नसेपर्यंत गेली की मी रूट कॅनॉल करतो. सवलत तेवढीच, आणि काम केवढं मोठं!"

"आणि तोवर दुखेल त्याचं काय?"

"दुखणारच. दुखल्याशिवाय मंजूर कोण करेल?"

होरिया आल्बू मात्र जवळ आला नाही. त्याला एक दाढ काढायची राहिली होती. तो लांबून माझ्याकडे बघून नुसता गोड हसला, त्याला मुळीच घाई नव्हती.

मी मैत्रीला जागले. भरण्याचाच अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी गेले. ही खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते बारा उघडी असते. आत वेतूरियाबाई बसतात. त्यांनी माझी फाइल चिमटीत धरून परत केली. पट्टीची हवी होती, माझी क्लिपची होती. गुरुवारी पट्टीची घेऊन गेले.

"विद्यार्थी असल्याचा दाखला?" वेतूरियाबाईंनी विचारलं.

"बाई, पाच वर्षं झाली, तुम्ही मला ओळखता."

"मी ओळखते गं. फाइल ओळखत नाही. दाखला सात दिवसांत मिळेल. आणि रुग्ण असल्याचा दाखला?"

"हा घ्या, कालच तपासून आणलाय."

"हा पाच दिवसच चालतो," त्या हळहळून म्हणाल्या. "म्हणजे तू विद्यार्थी होशील तेव्हा रुग्ण राहणार नाहीस. आणि गालाला हात का लावलायस?"

"दाढ दुखतेय ना, बाई. त्याचसाठी तर अर्ज केलाय."

"दोन्हीकडून वारा येतोय, म्हणून दुखतेय! अशी झोतात उभी राहू नये पोरी, दात धरतो." असं म्हणून त्यांनी मायेने मधली काच ओढून घेतली आणि कडी लावली. काच पुढच्या मंगळवारी उघडली. संध्याकाळी आईला फोन केला, तर तीही म्हणाली, "बसमध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघड्या होत्या ना? मला वाटलंच होतं." आमच्या देशात कीड हा आजार नाही, वारा हा आजार आहे. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात तो अजून घेतलेला नाही, एवढंच.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमच्याकडे ते तीन आठवड्यांत झालं, आणि त्याचं श्रेय मी वेतूरियाबाईंच्या टेबलावर ठेवलेल्या कॉफीच्या पाकिटाला देते. तिसऱ्या मंगळवारी मी एकाच दिवशी विद्यार्थीही होते आणि रुग्णही होते. फाइलीवर चार शिक्के बसले.

आता हजेरीचा प्रश्न निघाला. उपचारांची वेळ नऊ ते एक. त्याच वेळी माझी रुग्णालयातली हजेरी. खुर्चीवर आडवी झाले तर गैरहजर, आणि गैरहजर राहिले तर मी नियमित विद्यार्थी नाही, म्हणजे सवलत गेली. तोडगा आमच्या प्राध्यापक त्सुर्कानूंनीच काढला. माझं नाव रुग्ण म्हणून लिहिलं गेलं आणि मदतनीस म्हणूनही. त्यामुळे कोद्रुत्सा माझ्या तोंडात काम करत असताना लाळ ओढायची नळी मलाच धरायची होती. मी पांढरा कोट घालून आडवी झाले आणि नळी धरली.

"मदतनीस, सांगा," त्सुर्कानू सर माझ्या डोक्याशी उभे राहून म्हणाले, "खालच्या पहिल्या दाढेला मुळं किती?"

माझ्या तोंडात कोद्रुत्साची तीन बोटं होती. मी दोन बोटं वर केली.

"तोंडी परीक्षेत खाणाखुणा चालत नाहीत. शून्य." सरांनी शून्य लिहिलं आणि एक्स-रे उजेडात धरला. "अरेच्चा. ही तर नसेपर्यंत गेली. ही आता भरायची नाही, हिचं रूट कॅनॉल करायचं. वासिलाश, बोटं काढा."

कोद्रुत्सा वासिलाशने बोटं काढली. "तुला तीन आठवडे कळ काढता आली नाही?" ती म्हणाली. "मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता, इलिंका."

रूट कॅनॉलसाठी नवा अर्ज लागत होता, आणि नवा अर्ज घ्यायचा तर जुना रद्द व्हायला हवा. रद्द करण्यासाठी उपचार करणाऱ्याची सही लागते. कोद्रुत्सा रुसली होती, तिने सही दिली नाही. वेतूरियाबाईंनी मग जुना न मोडता त्यावरच नवा टाचला, कारण साबिनने स्वतःहून कॉफीची दोन पाकिटं नेली होती. आता रात्री जेवण जात नव्हतं. मी प्लमची दारू दाढेवर धरून अभ्यास करत होते आणि पानं भिजत होती. एका सकाळी मी हार मानली आणि खोलीचं दोन महिन्यांचं भाडं खिशात घालून बाहेरच्या खाजगी दंतवैद्याकडे गेले. सवलत नको, काही नको, मला माझी दाढ हवी होती.

त्याने आरसा आत घातला आणि तो थांबला. "ही कोणाच्या कोट्यात आहे?"

"डॉक्टर, ती माझी आहे."

"ते खरं गं, पण नाव कोणाचं चढलंय?"

"साबिन मानेआचं. आणि जुना अर्ज कोद्रुत्साच्या नावावर आहे."

त्याने आरसा ठेवून दिला आणि हातमोजे काढले. "मी पण तिथलाच. जूनमध्ये एका दाढेसाठी मी स्टेशनवर तीन दिवस बसलो होतो. दुसऱ्याच्या तोंडचा घास मी काढणार नाही." फी त्याने घेतली नाही. साबिनला नमस्कार सांग म्हणाला.

एप्रिलमध्ये रूट कॅनॉलची मंजुरी आली. साबिन सुया मांडून बसला होता, मी नळी धरून आडवी होते, तेवढ्यात त्सुर्कानू सरांनी एक्स-रे पुन्हा एकदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मुळांची वळणं बघा!" ते म्हणाले. "अशी पाठ्यपुस्तकातली दाढ मी दहा वर्षांत पाहिली नाही. ही साध्या मंगळवारी वाया घालवायची नाही. राजधानीतून तपासणी समिती येणार आहे, तिच्यासमोर जूनच्या परीक्षेत घेऊ."

"सर, मला झोप लागत नाही," मी नळी बाजूला करून म्हणाले.

"मदतनिसाने मध्ये बोलू नये," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या कागदावर 'परीक्षेसाठी राखीव' असा शिक्का मारला. मला लेखी सूचना मिळाली की संस्थेच्या दाढेने चावू नये.

मी चावत नव्हतेच. पण ईस्टरला घरी गेले, आईने अक्रोड घातलेला गोड पाव केला होता, आणि अक्रोडात कवचाचा एक तुकडा राहिला होता. दाढेची आतली भिंत कोसळली. मेमध्ये गाल सुजला, दाढ हलायला लागली, आणि होरिया आल्बू पट्टीची फाइल घेऊन माझ्या दाराशी आला. त्याने अर्ज मार्चमध्येच भरून ठेवला होता, फक्त तारीख कोरी ठेवली होती. तीन दिवसांत त्याला मंजुरी मिळाली, पण राखीव शिक्क्यामुळे काढायचं कामही जूनच्या परीक्षेवरच गेलं.

असे एका दाढेवर तीन आदेश झाले. भरणे, रूट कॅनॉल करणे, काढणे. तिन्हींवर शिक्के, एकही रद्द नाही.

परीक्षेच्या दिवशी समितीचे तीन सदस्य, त्सुर्कानू सर आणि रजिस्टर घेतलेल्या वेतूरियाबाई माझ्या खुर्चीभोवती उभे होते. खिडक्या अर्थातच बंद होत्या.

"मंजूर झालेलं प्रत्येक काम आज पूर्ण दिसलं पाहिजे," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "एकही आदेश लोंबकळता नको."

"कोणत्या क्रमाने, साहेब?" सरांनी विचारलं.

"नेहमीच्याच. आडनावांच्या."

आल्बू, मानेआ, वासिलाश. होरिया हातमोजे चढवत पुढे आला.

"सर!" मी उठून बसले. "आधी काढली तर बाकीचं कशात करणार?"

सरांनी नियमावली चाळली. वेतूरियाबाईंनीही चष्मा लावून चाळली. "दाढ तोंडात असावी असं कुठेच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

होरियाने दाढ काढली. हात चांगला होता त्याचा, ते नाकारत नाही. त्याने ती साबिनच्या तळहातावर ठेवली. साबिनने ती उजेडात धरून, सोयीची वाटेल तशी फिरवून, दोन्ही मुळांचं सुरेख रूट कॅनॉल केलं. रुग्णाने एकदाही हूं केलं नाही याची समितीने खास नोंद घेतली. मग कोद्रुत्साने पडलेली भिंत उभारली आणि दाढ भरली, घासली, चकचकीत केली. अडीच तासांनी ती माझ्या तोंडात होती त्यापेक्षा कितीतरी निरोगी दिसत होती. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोद्रुत्साने मलाही मारली, आमचं भांडण मिटलं. मी कापसाचा बोळा चावून नळी धरून बसले होते.

मला त्या दिवशी फार रडू आलं, ते लपवत नाही. सहाव्या वर्षी आलेली दाढ होती ती. सोळा वर्षं मी तिच्यावर जेवले होते. मी सरांकडे ती परत मागितली.

"सवलतीत उपचार झालेली वस्तू आहे," सर हळुवारपणे म्हणाले. "विभागाच्या काचेच्या कपाटात राहील. विद्यार्थ्यांना उत्तम उपचार कसे मिळतात हे पाहुण्यांना दाखवायला बरी."

वेतूरियाबाईंनी मला दाखला दिला. त्यावर लिहिलं आहे की रुग्णाची खालची डावी पहिली दाढ पूर्णपणे बरी झाली असून सवलत लागू करण्यात आली आहे. दाढ बघायची असेल तर मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते बारा.

होरिया, साबिन आणि कोद्रुत्सा पास झाले. मी झाले नाही. ते चार महिने मी कोणाची ना कोणाची रुग्ण होते, त्यामुळे माझ्याच कोट्यात दाढेचं एक रूट कॅनॉल कमी पडलं. सप्टेंबरची फेरपरीक्षा आहे. तोवर दाढ मिळाली नाही तर वर्ष गेलं. चर्चच्या पायऱ्या, स्टेशन, भाजीबाजार, सगळं पालथं घालून झालं. तो ट्रामचालक माझ्यासमोर तीन कॉफ्या प्यायला आणि आपली दाढ अजून पिकलेली नाही म्हणाला.

तुम्ही मघापासून खळखळून हसताय, त्याचं मला वाईट वाटत नाही. उलट बरंच वाटलं, कारण हसताना तुमची उजवीकडची वरची दाढ दिसली. काळा ठिपका आहे. अजून भरण्याजोगा आहे, पण एवढ्यात कोणाला दाखवू नका. फाइल मी पट्टीची आणून ठेवली आहे आणि तुमचं नाव घालून अर्जही भरला आहे. सप्टेंबरपर्यंत फक्त त्या बाजूने गोड खात जा.