सरपंचांच्या कानातला टेलिफोन

ताप एकट्या माणसाला येतो. त्याच्यामागून येणारी व्यवस्था मात्र साऱ्या गावाला येते. १९५७च्या ज्येष्ठात फ्लूची साथ पालमच्या पुढं दोन कोसांवर असलेल्या धामणटाकळीत पोचली, तेव्हा ही गोष्ट सरपंच दिनकररावांनी पुराव्यानिशी सिद्ध केली.

दिनकरराव निजामाच्या जुन्या अमदानीत उर्दू दफ्तर शिकले आणि विलीनीकरणानंतर मराठी. त्यामुळे कोणताही हुकूम ते दोनदा समजून घेत. (दोन्ही वेळा वेगळा समजे, ही गोष्ट निराळी.)

गावात दवाखाना नव्हता. औषध मिळे ते बन्सीधरच्या किराणा दुकानात, गूळ आणि घासलेटाच्या मधल्या फळीवर. पांढऱ्या कागदात डोक्याची गोळी, गुलाबी कागदात तापाची, हिरव्या कागदात अंगदुखीची. साथीच्या पहिल्याच आठवड्यात येडबा नावाच्या गड्यानं गुलाबी कागदातल्या आठ गोळ्या एका दमात गिळल्या. "आठ दिसांचा ताप हाय, दिसाला एक," हे त्याचं म्हणणं. तो दोन दिवस ओकत पडला, आणि दिनकररावांनी गोळी सुरक्षित सेवन समिती नेमली.

समितीचे नियम खरोखर शहाणपणाचे होते. (समित्यांच्या बाबतीत असं वारंवार घडत नसल्यानं हे मुद्दाम नमूद केलं पाहिजे.) उपाशीपोटी गोळी घेऊ नये. एका वेळी एकच घ्यावी. दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवावं. दिवसात चारच्या वर जाऊ नये. लेकरांच्या हाती लागू देऊ नये. थंड व कोरड्या जागी ठेवावी.

अडचण शेवटच्या कलमाची आली. ज्येष्ठातल्या धामणटाकळीत थंड जागा म्हणजे विहीर आणि कोरडी जागा म्हणजे पत्र्याचं छप्पर. दोन्ही गुण एकत्र असलेली जागा एकच निघाली, ती म्हणजे धान्य साठवायचं खोल, रिकामं पेव. बन्सीधरचा सगळा साठा तिथं उतरवला. पेवात माणूस सोडण्याआधी आतली हवा पाहायला दोरीनं कंदील सोडावा लागे. कंदील विझला की काम दुसऱ्या दिवसावर. गोळी हवी असेल त्यानं समितीकडं अर्ज करायचा, मग त्याची वहीत नोंद होई. पहिल्या पंधरवड्यात एकशे बारा अर्ज आले. त्यांतल्या एकेचाळीस जणांचा ताप गोळी वर येण्याआधीच उतरला. समितीनं हे औषधाचं यश म्हणून नोंदवलं.

गोळ्यांचे रंगीत कागद तीन, म्हणून नोंदीच्या वह्या तीन. आणि वह्या तीन, म्हणून औषधं तीन. हा शेवटचा निष्कर्ष कुणी काढला नव्हता. तो आपोआप निघाला.

चौथ्या आठवड्यात दिनकरराव स्वतः पडले. अंगात ताप, डोक्यात ठणका, सांधे धरलेले. म्हणजे तिन्ही वह्यांत पात्र. त्यांनी तिन्ही अर्ज स्वतः लिहिले, स्वतः मंजूर केले आणि दर चार तासांनी, पोटात भाकरीचा तुकडा घालून, पांढऱ्या कागदातली एक, गुलाबीतली एक आणि हिरव्यातली एक अशा गोळ्या घेऊ लागले. दिवसाला बारा. पण कोणत्याही वहीत चारच्या वर आकडा नव्हता. इतकं काटेकोर सेवन त्या तालुक्यात कुणी केलं नसेल.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या कानात घंटी वाजू लागली.

"कमल," ते बायकोला म्हणाले, "टेलिफोन आला."

"कुठं?"

"हितं. वाजायलाय की! सरकारनं आपल्या गावाला लाइन दिली जणू."

तारेचा एकही खांब पालमच्या अलीकडं आलेला नव्हता. पण सरकारी सुधारणा आधी सरपंचापर्यंत येते आणि मग गावाला दिसते, असा दिनकररावांचा अनुभव होता. त्यांनी समितीचे सभासद सटवाजी धनगर यांना बोलावून घेतलं. सटवाजींनी सरपंचांच्या कानाला आपला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं.

"सरपंचसाब, मला तर काईच आईकू यीना."

"सरकारी काम हाय सटवाजी. समद्यांना कसं आईकू यील?"

हे सटवाजींना पटलं. दुपारपर्यंत सात जण कान लावून गेले. त्यांतल्या तिघांना घंटी ऐकू आली आणि एकाला पलीकडचा माणूस उर्दूत बोलत असल्याचंही कळलं.

कमलबाईंनी मात्र नवऱ्याचा श्वास पाहिला. ते खाटेवर पडल्यापडल्या धावत आल्यासारखे धापा टाकत होते. संध्याकाळी त्यांना उलटी झाली. उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. कमलबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिन्ही कागद सोडले आणि तिन्ही गोळ्यांना जीभ लावली.

"अवो, तिन्हीची चव येकच हाय. तीच आंबट, तीच कडू. तुमी येकच गोळी तीनदा खायलाय!"

"चव हा पुरावा न्हाई," दिनकरराव क्षीण आवाजात म्हणाले. "तीन वह्या हायत."

"वह्या जाऊंद्या चुलीत," असं म्हणून कमलबाईंनी सटवाजींना बैलगाडी जुंपायला लावली.

गंगाखेडच्या दवाखान्याच्या वाटेवर दिनकररावांना पहिल्यांदा भीती वाटली. कमलबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन काहीतरी सारखं बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते, पण घंटीपुढं शब्द पोचत नव्हता. वीस वर्षांत या बाईचं बोलणं आपण कानाआड केलं आणि आता ऐकायचं म्हटलं तर ऐकू येत नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी तिचा हात धरला. कोणत्याही वहीत याची नोंद नाही.

गंगाखेडच्या डॉक्टरांनी तिन्ही कागद उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली. "नावं तीन, औषध एकच. कानातली घंटी आणि ही धाप त्याच्याच अतिरेकाची. अजून दोन दिवस असं चाललं असतं तर इथवर आलाच नसता. पोटाला काय कागदाचा रंग दिसतो? आणि गोळी घेणाऱ्याला आधी हे विचारायचं, की दुसरं काय-काय घेतलंय."

आठव्या दिवशी घंटी थांबली आणि दिनकरराव घरी आले. त्यांनी तीन वह्यांची एक वही केली, आणि पेवाजवळ कमलबाईंना बसवलं. त्या प्रत्येकाला एकच विचारत: "आणिक काय खाल्लंय गोळीबिळी, खरं सांगा." गाव नाराज झालं. डोकं, ताप आणि अंग अशी तीन दुखणी असताना एकच गोळी, म्हणजे पंचायतीनं दोन गोळ्या खाल्ल्या, अशी तक्रार वर गेली. पण त्यानंतर धामणटाकळीत कुणाच्या कानात घंटी वाजली नाही.

वाचकांनी दिनकररावांना खुशाल हसावं. तुमच्या घरी फडताळातल्या डब्यात सर्दीची, डोक्याची आणि कंबरेची अशा गोळ्या शेजारी-शेजारी पडलेल्या आहेत. त्यांच्या मागची बारीक अक्षरं तुम्ही अजून वाचलेली नाहीत. आणि तुमच्या गोळ्यांना जीभ लावून पाहणारं घरात कुणी आहे का, हेही तुम्हाला ठाऊक नाही.